रंग न धरलेली काच

प्तुय,
९ ऑक्टोबर

प्रिय नेझा,

सगळं बदललं ते मंगळवारी, तुमच्या तळघरात, तुझे बाबा, म्हणजे माझे विंकोकाका, माझा पेला भरत होते तेव्हा. पण ते पुढे सांगतो. आधी तू कशी आहेस? ग्राझमध्ये थंडी सुरू झाली असेल. माझा नंबर तू अडवून ठेवलायस, म्हणून हा कागद. फाडण्याआधी शेवटपर्यंत वाच. मधे प्रेमाचं काही आलंच तर तिकडे दुर्लक्ष कर, ते माझ्या हाताबाहेर आहे.

यंदा द्राक्षं झकास उतरली. तुझी आई बरी आहे. मी अजून इस्पितळाच्या प्रयोगशाळेतच. कॉलेज अर्ध्यावर सोडून वाया गेलो असं तुझं मत आहे, पण माझा हात बघशील तर मत बदलशील. रुग्णाची गाठ मेणात बसवायची, केसाहून पातळ काप घ्यायचा, काचेवर चढवून रंगवायचा. आतड्याच्या पेशीत एक प्रोटीन असतं. ते असलं की पेशी तपकिरी दिसते. माझा रंग कधी बिघडत नाही.

गेल्या महिन्यात एक बिघडला. म्हणजे मला तसं वाटलं. गाठीच्या पेशी रंगच धरेनात. पुन्हा केलं, पुन्हा कोऱ्या. तिसऱ्यांदा आमच्या डॉक्टर ब्रेडा खांद्यावरून वाकून म्हणाल्या, "कडेला बघ. निरोगी पेशी कशा छान तपकिरी झाल्यात. तुझं काही चुकलं नाही, गोराझ्द. गाठीतच ते प्रोटीन नाही."

चूक माझी नव्हती म्हणून मी दिवसभर शीळ घालत फिरलो. काचेवर नाव नसतं, नुसता नंबर.

तर मंगळवार. काका पिंपातून रस काढता काढता म्हणाले, "ऑगस्टमधलं ते ऑपरेशन हर्नियाचं नव्हतं. आतड्यात कॅन्सरची गाठ होती. काढली. आजूबाजूला काही नाही म्हणाले. नेझाला बोलू नकोस, परीक्षा आहे तिची." मग हसले. "आता म्हणे त्या गाठीत कुठलंसं प्रोटीन दिसत नाही, म्हणून कॅन्सरच्या औषधाच्या सुया टोचून घ्यायच्या. अरे, काही दिसत नाही म्हणजे चांगलंच की."

तशी कोरी काच महिन्याभरात माझ्या हातून एकच गेली होती. पेला मी तसाच खाली ठेवला.

"ते दिसत नाही हेच वाईट, काका. आपण आतड्याचे आहोत याची आठवण पेशीला त्या प्रोटीनमुळे राहते. जिला ती आठवणच नाही ती उद्या लिव्हरमध्ये बिऱ्हाड करेल."

"कॉलेजातून पळालेला मला शिकवतोय."

"पळालाय तोच शिकवतोय. ती काच मी रंगवली."

"सेंट मार्टिनच्या सणानंतर बघू. रसाची वाइन होईपर्यंत मी कुठे हलत नाही."

"तो नोव्हेंबरात. औषधं याच महिन्यात सुरू व्हायला हवीत."

"आणि नेझाला कळलं तर या घरात पुन्हा पाय ठेवायचा नाही."

त्यावर मी काय बोललो ते लिहीत नाही. तुला माझं तोंड माहीत आहे.

ज्या घराचा जावई व्हायचं मी परस्पर ठरवून बसलोय, त्याच घराची ही अट. म्हणून कालपर्यंत गप्प होतो. आज ब्रेडाबाईंना पुन्हा विचारलं. त्या म्हणाल्या, अशा गाठीत औषधाचा खरा फायदा होतो, फक्त वेळेवर सुरू करा. काका बरे होतील, नेझा. मला तशी खात्री आहे. इतकी खात्री तुझ्याबाबतीत कधीच नव्हती.

ते डॉक्टरांचं ऐकत नाहीत, तुझ्या आईचं तर नाहीच. तुझं ऐकतात. शनिवारच्या गाडीने ये. माझ्यासाठी येऊ नकोस.

पत्र टाकून थेट तुमच्याकडेच जाणार आहे. तुला कळवलंय, हे त्यांना माझ्याच तोंडून कळायला हवं. हाकलून देतील. देऊ देत. पण आधी औषधं याच महिन्यात सुरू करायची गोष्ट पुन्हा एकदा ऐकवेन, आणि या वेळी आवाज चढवणार नाही.

कोट घातलाय, हे उभ्यानेच लिहितोय. आता दिवा घालवला, दार ओढून घेतलं की निघालोच.

तू परत यावंस म्हणून शंभर कारणं शोधली, त्यातलं हे एक कधीच नको होतं, असा
तुझाच
गोराझ्द