गायकवाड म्हणजे कोणते?

बीड, ३ फेब्रुवारी २०२५

ती. पप्पांना सा. न. वि. वि.

वर जयभीम नाही, हे तुमच्यासारख्या पोस्टमनच्या नजरेतून सुटायचं नाही. मुद्दामच लिहिलं नाही. नर्सिंगला आल्या दिवशी माझ्या खोलीतली मैत्रीण संस्कृती म्हणाली, की गायकवाड म्हणजे आमच्यातलेच, मराठा. मी गप्प बसले. तेव्हापासून आम्ही एका ताटात जेवतो आणि प्रत्येक घासाला मला धास्ती असते. होस्टेलवर मोबाइल जमा असतात, त्यामुळं कुणाचंही पत्र आलं की सगळ्या जणी वाचतात; तुम्हीही वर लिहू नका.

२३ तारखेला आमचा दिवा लावून शपथ घ्यायचा कार्यक्रम आहे. तुम्ही याच. फक्त गेटवर जयभीम घालू नका, नमस्कार म्हणा. रागावू नका, माया पातळ करू नका.

तुमची सुकन्या

परळी, ८ फेब्रुवारी

चि. सुकन्यास अनेक आशीर्वाद.

तू म्हणालीस तसं वर काही लिहिलं नाही. कोरी जागा बघून हात अडला. तीस वर्षं ज्याच्या त्याच्या दारात तोच शब्द बोलून टपाल दिलं. आता जीभ ऐकायची न्हाई. तुझं नुकसान नको, म्हणून मी येत नाही. आईनं गुळाच्या दशम्या केल्यात, संस्कृतीलाही दे. जिवाला जप.

पप्पा

बीड, १४ फेब्रुवारी

ती. पप्पांना सविनय जयभीम.

मंगळवारी वॉर्डात पारूबाई नावाच्या आजीचं बीपी बघायचं होतं. सोबत माया कांबळे होती. आजीनं दोघींची आडनावं विचारली आणि मला म्हणाली, की तूच बघ, तिचा हात नको लावू दिऊस. माया मागासवर्गीयांच्या शिष्यवृत्तीच्या रांगेत माझ्या मागंच होती, तिला माझं सगळं ठाऊक आहे. तरी ती एक शब्द बोलली नाही. मी पट्टा बांधला. पप्पा, मला माझीच लाज वाटली.

काल पुन्हा तीच आजी. पट्टा बांधायच्या आधीच सांगितलं, की आजी, आम्ही दोघीही बौद्ध. तिनं हात पदराखाली घेतला. शेजारच्या कॉटपाशी संस्कृती होती. जेवायला ती माझ्या ताटावर आली नाही. दशम्या मी आणि मायानं संपवल्या.

आज सकाळी आजीनं हात पुढं केला, तोंड मात्र भिंतीकडं. संस्कृती अजून बोलत नाही. मला भीती वाटतेच आहे.

तरी तुम्ही २३ला याच. गेटवर जयभीम घालू नका म्हटलं होतं ना, तसंच करा. आधी मी म्हणणार आहे.

तुमचीच,
सुकन्या नवनाथ गायकवाड