हाताला लागलेली गाठ

मांजर्ली, बदलापूर

प्रिय किर्ती,

फोनवर तू ‘बरी आहे’ एवढंच म्हणतेस आणि मागे तुझे बाबा बसलेले असतात, म्हणून लिहितेय. एकटीच वाच.

गेल्या महिन्यात आंघोळ करताना माझ्या डाव्या छातीत हाताला गाठ लागली. गोटीएवढी, बोटाखाली सरकणारी. दुखत नव्हती. नळ बंद करून मी तिथेच बसले. डोळ्यांपुढे तुझी आई आली. अंजनीताईचीही दुखत नव्हती. दुखत नाही म्हणजे काही नाही, असं म्हणत तिने वर्ष काढलं. आधी भाताची लावणी होऊ दे, मग गणपती, मग तुझी परीक्षा. पदराआडून वास यायला लागला तेव्हा घरात कळलं.

मी तुझ्या काकांना त्याच दिवशी सांगितलं. उल्हासनगरला सोनोग्राफी केली, मग सुईने तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट येईपर्यंत माझ्या महेशच्या डब्यातल्या भाजीत मीठ घालायचं भान राहिलं नाही. शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “कॅन्सर नाहीये. फायब्रोअ‍ॅडेनोमा आहे, पुष्कळ बायकांना होतो. काढायची घाई नाही, सहा महिन्यांनी दाखवा. वाढली, कातडी आत ओढली गेली, बोंडातून रक्त आलं, तर मात्र थांबू नका.” मी विचारलं, सरकते म्हणजे साधीच असते ना? त्या म्हणाल्या, “नुसत्या हाताने मलाही खात्री देता येत नाही.”

बाहेर आल्यावर हायसं वाटलं नाही गं. ताईचा राग आला. गेलेल्या माणसाचा एवढा राग येतो, हे मला ठाऊक नव्हतं.

तिच्या वर्षश्राद्धाला चामटोलीला आले, तेव्हा पंगतीत वाढताना तू उजवा हात अंगाशी धरून होतीस. निघताना जवळ घेतलं तर झटकन मागे सरलीस. “काय गं?” विचारलं, तर म्हणालीस, “काही नाही मावशी, हात अवघडलाय.” ताईही हेच सांगायची, याच शब्दांत.

तुझी गाठही माझ्यासारखीच साधी असेल, असं लिहिणार होते. नाही लिहीत. मला माहीत नाही आणि तुलाही नाही. सोमवारी सकाळी डॉक्टरीणबाईंकडे न्यायला येतेय, तयार राहा. नाही म्हणालीस तर तुझ्या बाबांसमोर बोलेन. मग रागाव माझ्यावर. जन्मभर रागाव, चालेल मला.

तुझीच,
संजूमावशी