हिराबायची पाटी आणि सक्त मनाई

मंगळ. ४ नोव्हें. ८६
माझ्या मासळी खाणाऱ्या शेजारणींनो, आपल्या नवप्रभात सोसायटीच्या गेटवर बोर्ड लागलाय: 'फेरीवाल्यांनी आत येणे कृपया टाळावे.' भाजीवाला आत येतो. बोहारीण येते. कल्हईवाला आवारात बसून धूर काढतो. अडवतात ते एकटीला, खारदांड्याच्या कोळीवाड्यातून मासळीची पाटी घेऊन येणाऱ्या हिराबायला.

रविवारच्या मीटिंगच्या भाषणाची ही सुरुवात. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत लिहिली. अजून धार हवी.

'कृपया टाळावे.' या दोन शब्दांनी डोकं उठलंय. मनाई नाही, बंदी नाही, नुसती विनंती. विनंतीविरुद्ध तक्रार तरी कुठे करायची? आमच्या घरातही कोणी कधी 'बंदी' म्हटलं नव्हतं. मी पहिल्यांदा सभेत बोलायला निघाले तेव्हा आत्या म्हणाली होती, "आपल्यात चालत नाही गं." कोण चालवत नाही ते शेवटपर्यंत कळलं नाही.

रवि. ९
मीटिंग गच्चीवर झाली. बोलले. घसा बसलाय, पण मजा आली. सेक्रेटरी नाडकर्णी समोर बसून टिपणं घेत होते.

"बंदी घालायची तर छातीठोक बंदी म्हणा! कोणावर ते लिहा! 'कृपया'च्या पदराआड लपू नका!"

टाळ्या. दुसऱ्या मजल्यावरच्या कमलने तर शिट्टीच वाजवायची बाकी ठेवली. नाडकर्णी उठले, हसले. "ताई, सूचना अगदी रास्त आहे. कमिटी विचार करेल."
पडला बिचारा, असं वाटलं मला. घरी येऊन आप्पांना सगळं भाषण परत ऐकवलं. ते झोपले.

गुरु. १३
नवा बोर्ड. पत्र्याचा, लाल अक्षरं.

'आवारात मासळी विकण्यास व विकत घेण्यास सक्त मनाई आहे. हुकुमावरून.'

नाडकर्णी गेटपाशीच भेटले. "तुम्हीच म्हणालात ना, स्पष्ट लिहा? लिहिलं."

नुसत्या मनाईने भागत नाही म्हणून पुढे 'सक्त' लावायचं. आणि हुकूम कुणाचा? गच्चीवर सतरंजी अंथरणाऱ्या कमिटीतल्या पाच जणांचा!

आप्पांनी ताट बघितलं. वरण, भात, बटाट्याची भाजी. वडिलांचा जन्म गिरणीत गेला, संपात नोकरी गेली, जिभेवरचं मालवण काही जात नाही.
"मासो खंय?"
सांगितलं.
"तुका बोलाक कोणी सांगितलेला? आता ह्यो बोर्डच तळून वाढ माका."

शुक्र. १४
सकाळी हिराबाय गेटबाहेर, पाटी कमरेवर. मला बघून मुद्दाम मोठ्याने:
"काय गो बाय, लय भाषान केलंस म्हनं! टाळ्या पडल्या म्हनं!"
म्हटलं, हिराबाय, मी तुमच्यासाठीच...
"माझ्यासाठी? आदी मी मागल्या जिन्यानं यायची, हा वॉचमन तोंड फिरवायचा. आता याला बोर्ड दाखवून दम दिलाय. रस्त्यावर बसले तर म्युन्शिपाल्टीची गाडी पाटीच उचलते. अर्धी पाटी हितं खपायची माझी. आता ही मांदेली काय तुझ्या गळ्यात घालू, हार म्हनून?"

वॉचमन खाली बघत होता. "मॅडम, पहले मैं देखता नहीं था. अब लिखा है."

मांदेली घेतली. गेटबाहेर, ऑफिसच्या पर्समध्ये, वर्तमानपत्रात गुंडाळून. लाज वाटली. घेण्याची नाही, लपवण्याची.

सोम. १७
तीन दिवस स्वतःला शिव्या घातल्या. पुरे.

न लिहिलेल्या बंदीला फट होती, हिराबाय त्या फटीतून येत होती. मी ती फट बुजवली. खरंय. पण लिहिलेलं पुसता येतं. सभासदांनी सह्या केल्या तर खास मीटिंग बोलवावी लागते, नियमच आहे. संध्याकाळपासून दारं वाजवतेय.

"खाते गं, पण सही नको." "ह्यांना विचारते." "आम्ही आता कमी केलंय." एकीकडे बांगड्याचा वास दारापर्यंत आला होता आणि ती म्हणे, आम्ही श्रावणापासून सोडलंय!
बोर्ड 'सक्त' म्हणतो, ह्या 'कमी केलंय' म्हणतात.

जिन्यात नाडकर्णी. आवाज खाली आणून: "ताई, मी पण खातो हो. बाहेर. पण फ्लॅट बघायला माणूस आला की आधी जिन्याचा वास घेतो. तुम्हाला विकायचा नसेल, दुसऱ्यांना असतो."
माणूस वाईट नाही. म्हणूनच लढायला अवघड.

सोम. २४
सह्या पुरल्या. काठावर. खास मीटिंग रवि. ३० ला, बोर्ड काढण्याचा ठराव.

कमल जिन्यात गाठून: "ए, मत हात वर करून घेणार की चिठ्ठ्या?"
हात वर, अर्थात.
"मग मी नाही यार. सासूबाईंच्या भजनी मंडळातल्या सगळ्या समोर बसणार. चिठ्ठी ठेव, मी आहे. अजून चार जणी आणते."
भडकले. म्हटलं, खाता चवीनं आणि मत चोरून? आणि टाळ्या काय फुकटच्या वाजवल्यास?
"तू भाषण करून घरी जातेस गं. मला त्या घरात राहायचंय."

तासभर धुमसत होते. चिठ्ठी म्हणजे परत लपणंच. मी आयुष्यभर याच्याविरुद्ध ओरडले.
आप्पा खुर्चीतून: "मागच्या खेपेक तुझाच खरा झाला मा? मगे?"

हिराबायला गेटवर विचारलं. ती बर्फ झटकत, वर न बघता: "चिठी तर चिठी. माझी पाटी आत घे गो, मंग तुझी तत्त्वं धू."

नाडकर्णींना जाऊन सांगितलं, चिठ्ठ्या.

शनि. २९
मतं मोजून बघू नयेत, तरी मनात मोजली. कमलच्या चार जणी धरून जमेल. एक जरी फिरली तर नाही.

दुसरंच काहीतरी खुपतंय. समजा जिंकलो, बोर्ड उतरला. तरी सोमवारी वॉचमन हिराबायला विचारणार: किसने बुलाया? आणि आठ-आठ गॅलऱ्या गप्प राहिल्या तर ती वळून जाईल. मग बोर्डाची गरजच उरणार नाही. शब्द जाईल, मनाई राहील.

लांबलचक भाषण लिहिलं होतं. हुकूम, मज्जाव, सगळं आलं होतं त्यात. फाडलं. उद्या एवढंच बोलायचं:

चिठ्ठीवर काय लिहायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, मी विचारणार नाही. पण ज्यांच्या घरी मासळी शिजते त्यांनी सोमवारी सकाळी, हिराबाय गेटपाशी आली की, आपापल्या गॅलरीत या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी तिला हाक मारा: "हिराबाय, वर या!"