बरणीच्या तळाचा पाक

ब्राके, ८ ऑक्टोबर १९४३

ति. फोल्केर्टदादास,
गेझीनाचा सा. न. वि. वि.

वेझरकाठच्या आपल्या घरांनी नौदलाला मुलं दिली आणि बदल्यात कुणी आपल्याला एक खरं वाक्य दिलं नाही, हे तुला मी सांगायला नको. माझा हार्म नॉर्वेत नार्विकला गेला. चार दिवसांत दहा विनाशिका बुडाल्या. परतायला पुरेसं तेल नव्हतं म्हणून त्या खाडीत अडकल्या होत्या. घरी आलेल्या कागदावर मात्र नुसतं 'वीरमरण'. आता धाकटा एनो नव्या विनाशिकेवर आहे, बॉयलरकडे जाणाऱ्या तेलाच्या झडपा सांभाळतो. हार्मच्या जहाजाला निदान नाव होतं. याच्या जहाजाला फक्त नंबर.

परवा माझ्या वाढदिवसाला दोन पेले चढल्यावर तू बोलून गेलास की एनोच्या जहाजाची चाचणी तुम्ही गोदीवाल्यांनी टाक्या भरलेल्या असताना घेतलीत. मग घाईघाईनं विषय बदलून माझ्या केकला नावं ठेवलीस. बटाट्याचा होता, कबूल. पण दादा, टाक्या रिकाम्या झाल्या की काय होतं?

पोस्टानं लिहू नकोस. त्यार्कच्या पडावातून पाठव, तो पत्र बुटात ठेवतो. वहिनीला नमस्कार. उत्तर आलं तर लोभ आहे असं समजेन.

तुझी गेझीना

ब्रेमेन, १५ ऑक्टोबर १९४३

चि. गेझीना हीस,
अनेक आशीर्वाद.

याच तोंडापायी तुला शाळेतून काढलं, तरी ते बंद होत नाही. लिहितो, पण वाचून झालं की चुलीत घाल.

विनाशिकेवर क्रूझरच्या तोडीच्या तोफा हव्यात, असा वरून हट्ट होता. आम्ही आराखड्यात जहाजाच्या नाकावर जोडतोफ काढली. ती वेळेत तयार झाली नाही, म्हणून आधी एकच तोफ बसवली, आणि गंमत बघ, जहाजं बरी चालली. मग जोडतोफ आली. तेव्हापासून नाक लाटेवर चढायचं सोडून लाटेत घुसतं.

नवी तोफ बसली की जहाज कलवून पाहायचं असतं. डेकवरची वजनं एका कडेहून दुसरीकडे नेतात. आत ओळंबा टांगलेला असतो, तो किती सरकला ते मी मोजतो. त्या दिवशी टाक्या भरलेल्या होत्या. तेल तळाशी असतं, तेच जहाजाला उभं धरतं. रिकाम्या टाक्यांनी पुन्हा मोजू या म्हणालो, पण दुसऱ्या दिवशी तो धक्का दुसऱ्या जहाजाला हवा होता. मग घरी बसून गणित केलं. तेल एक तृतीयांशाखाली गेलं तर वादळात कललेलं जहाज परत उठेलच, असं सांगता येत नाही. त्याखालचं तेल जाळावंच लागलं तर रिकाम्या टाक्यांत समुद्राचं पाणी घ्यायला हवं. तसं एक पान लिहून दिलं. साहेबांनी त्यावर 'गुप्त' असा शिक्का मारला, कपाटात ठेवलं आणि चाचणीच्या कागदावर माझी सही मागितली.

मी केली. यापुढे काही विचारू नकोस. चिडलीस तरी माया पातळ करू नकोस.

तुझा दादा फोल्केर्ट

ब्राके, २० ऑक्टोबर १९४३

चि. एनोस,
आईचे पोटभर आशीर्वाद.

पायमोजे पाठवलेत, जुगारात घालवू नकोस. फोल्केर्टमामानं बीटाच्या पाकाची एक गोष्ट सांगितली, ती तुझ्या स्वयंपाकघरात उपयोगी पडेल. तुमच्याकडे आहे तशा जड डोक्याच्या बरणीतला तळाचा तिसरा हिस्सा कधी काढू नये, बरणी कलंडते. काढायची वेळच आली तर तेवढं खारं पाणी आत घ्यावं. पाक नासेल, नासू दे. बरणी उभी राहायला हवी. मामा बरण्याच बनवतो, त्याला कळतं.

पत्र दोनदा वाच. आईला धरून राहा.

तुझी आई

एका फ्रेंच बंदरातून, २२ नोव्हेंबर १९४३

ति. आईस,
एनोचा सा. न.

पाकाची कृती पोचली, दोनदा वाचली. आमच्या मुख्य आचाऱ्याला सांगितली. तो म्हणाला, तुझ्या आईला कळव, पाकात खारं पाणी घालणाऱ्याला इथं भिंतीशी उभं करून गोळी घालतात, कारण मग चूल पेटत नाही. सगळे खूप हसले. मला आता 'पाकवाला' म्हणतात.

मामाला सांग, बरणी दिसते देखणी, किनाऱ्यावरच्या पोरी वळून बघतात. पण डोकं खरंच जड आहे. पुढच्या खोलीतले लोक बूट गळ्यात बांधून झोपतात, खाली पाणी असतं. परवा ती कलली आणि परत यायला इतका वेळ लावला, की मी दहापर्यंत मोजलं.

पायमोजे अजून माझ्याच पायात आहेत. आठवण काढत जा.

तुझा एनो

ब्राके, १२ जानेवारी १९४४

ति. दादास,
सा. न.

एनोला अटक झाली आहे. त्याचा सोबती ल्युब्बो रजेवर आला, त्यानं सगळं सांगितलं. नाताळाआधीच्या वादळात वरून हुकूम आला, वेग कमी करायचा नाही, शेवटच्या टाक्या उघडा. एनोनं आधी रिकाम्या टाक्यांत समुद्र घेतला. त्यानंतर जहाज असं आडवं झालं की ल्युब्बो भिंतीवर उभा होता. पण ते उठलं. तीनशेवर माणसं जिवंत परत आली. मात्र तेलात पाणी जाऊन दोन बॉयलर विझले, जहाज मागे पडलं, आणि आता त्याला घातपात म्हणतात. जहाजावरच्या पुस्तकात असा नियमच नाही, असं मुख्य इंजिनिअर म्हणतो. नसणारच, नियम तुमच्या कपाटात आहे!

हे तुला कुणी शिकवलं, असं त्याला तीनदा विचारलं. माझं मीच ठरवलं, म्हणाला. आपल्या दोघांना वाचवतोय पोरगा.

३ फेब्रुवारीला दहा वाजता विल्हेल्म्सहाफेनला सुनावणी आहे. ते पान घेऊन ये.

गेझीना

ब्रेमेन, १८ जानेवारी १९४४

चि. गेझीनास,
आशीर्वाद.

पान नाही. हवाई हल्ल्यात कपाटासकट जळालं. तिथं येऊन मी काय दाखवू? गुप्त गोष्ट घरी सांगितली एवढंच सिद्ध होईल, आणि एकाच्या जागी तिघं भिंतीशी उभे राहतील. तुझ्या वहिनीला झोप नाही. मला भित्रा म्हण, पण परका म्हणू नकोस.

फोल्केर्ट

ब्राके, २२ जानेवारी १९४४

ति. दादास,
तुझ्या धाकट्या बहिणीचा नमस्कार.

भित्रा म्हणणार नाही. मीही भिते. पत्र मी लिहिलं होतं, ते मी आधी उभी राहून सांगणार आहे. पण एका आईच्या शब्दावर ते त्याला सोडणार नाहीत, आणि तो आकडा माझा नाही.

पान जळलं. ते ज्यानं लिहिलं तो जिवंत आहे. हार्मच्या वेळी आपल्याला काहीच ठाऊक नव्हतं, म्हणून रडून मोकळे झालो. या वेळी तुला ठाऊक आहे. तू कागदावर सही केलीस तेव्हा तीनशे माणसं तुझ्या सहीवर तरंगत होती, आणि ती सही पोकळ निघाली. तिला भरून काढलं ते एका झडपेवरच्या पोरानं. त्या न्यायालयात अशी जहाजं ज्याला खरोखर कळतात असा एकच माणूस येऊ शकतो. कोऱ्या कागदावर ते गणित त्यांच्यासमोर पुन्हा मांड. तुला ते पाठ आहे, मला माहीत आहे.

माया पातळ झालेली नाही, दादा. म्हणून तर मागते आहे. ३ तारखेला, गुरुवारी, ब्रेमेनहून सकाळच्या पहिल्या गाडीत बस. वाटेत हूडे स्टेशनावर मी चढेन. तुझा ओळंबा सोबत घे.

गेझीना