फळ्यांनी प्यायलेलं डिझेल

१४ ऑक्टोबर, मंगळवार

खाडीत तेल! धक्क्यावर गेलो तर पाण्यावर रंगीत तवंग, आणि वास थेट डोक्यात चढणारा. मासे वाढवायच्या पिंजऱ्यांपर्यंत पोचलंय. माझी मुलगी काल्लिओपी तिथंच कामाला. बंदर पोलिसांनी मासेमारी बंद केली.

आणि मी रविवारीच बोटीच्या तळातलं तेलकट पाणी समुद्रात उपसलं! दोन बादल्या. तीन? नाही, दोनच. देवा, दोनच असू देत.

१५ ऑक्टोबर

कॉफीच्या दुकानात सगळे एकमेकांकडे बघत बसलेले. मी गावाचा 'बार्बा', म्हातारा काका. शेजारच्या बोटीवाला स्पिरोस म्हणाला, "बार्बा-थेमिस, तुझी बोट तुझ्यापेक्षा जास्त गळते. तुझंच असणार!" सगळे हसले. मीही हसलो. कॉफी तशीच टाकून उठलो.

उद्या पिरेअसच्या मोठ्या बंदरातून रसायनवाली येणार, प्रत्येक बोटीतून नमुना घेणार म्हणे. घरी येऊन भांडी घासायचा साबण उचलला. सगळी बाटली संपवली. कंबर धरली आहे.

१६ ऑक्टोबर

आली. मिरसिनी नाव, माझ्या मुलीहून लहान. सगळ्या बाटल्या काचेच्या. प्लास्टिक नमुन्यात भेसळ करतं म्हणे. माझ्या बोटीत वाकून बघितलं आणि म्हणाली, "बार्बा, इथं तर जेवायला बसावं! लग्न होतं का हिचं?"

मग चाकू काढला आणि तळाच्या फळीचा पातळ कपचा काढला. "साबणानं वरचं जातं. लाकूड प्यायलेलं असतं ते राहतं."

मी ते विसरलोच कसा? उभा जन्म लाकडी बोटीत गेला माझा!

विचारलं, उन्हा-वाऱ्यात पडलेलं तेल ओळखणार कसं? म्हणाली, "हलकं ते उडून जातं. पण तेल म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी मेलेले जीव, बार्बा. त्यांचे काही अंश फार चिवट. कुठला किती, ते प्रमाण ज्या त्या तेलाचं वेगळं. ते सहज बदलत नाही."

मी चौथीपर्यंत शिकलेला. एवढंच कळलं की सुटका नाही.

१८ ऑक्टोबर

काही निरोप नाही. दोनच बादल्या होत्या.

२१ ऑक्टोबर

जुळलं!

ती घरीच आली. "तुमची बोट सगळ्यांत स्वच्छ, म्हणून तुमचा नमुना आधी यंत्राला लावला. बाकीचे अजून रांगेत आहेत." — माझाच साबण माझ्या मुळावर! दोन कागद काढले, एक माझ्या फळीचा, एक तवंगाचा, दोन्हींवर डोंगरांसारख्या रेघा. एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावले. शिखरावर शिखर बसलं. "दोनच बादल्या उपसल्या मी!" मी म्हणालो.

"बसा," ती म्हणाली. "दोन बादल्यांनी दोन मैलांचा तवंग होत नाही. आणि हे डिझेल धक्क्यावरच्या पंपाचं नाही, तेही मी तपासलंय. कुठून घेता?"

मी कॉफी ठेवायला उठलो.

इथं पानावर लिहितो. भूशिराच्या पलीकडे पुरवठ्याचं जहाज थांबतं, मोठ्या जहाजांना इंधन देतं. मी दोरीनं वाळवलेले ऑक्टोपस वर पाठवतो, ते डिझेलची दोन पिंपं खाली सोडतात. बिनकराचं. सहा वर्षं झाली. त्यांनीच समुद्रात टाक्या धुतल्या असणार.

मिरसिनी जाताना म्हणाली, "नाव सांगितलंत तर मी त्या टाकीपर्यंत जाईन. नाहीतर कागदावर एकटी तुमची बोट आहे."

सांगितलं तर चोरटं डिझेल कबूल. परवाना जाणार. परवाना गेला की बोट गेली. मग मी करायचं काय — खिडकीत बसून माश्या मारायच्या?

२२ ऑक्टोबर

जावई अर्गिरिस येऊन गेला. त्याचीही बोट धक्क्याला बांधलेली. "बाबा, तोंड उघडू नका! जहाजवाले वकील आणतील. तुम्ही काय आणणार, ऑक्टोपस?"

तेवढ्यात काल्लिओपी कामावरून आली. दारात बूट काढले, गुडघ्यापर्यंत काळे. "मेलेले मासे फावड्यानं उपसतोय, बाबा. मुकादम म्हणतो, पंधरा दिवसांनी पिंजरे बंद. आम्हा तीस बायकांना घरी बसवणार."

तिचे बूट मी बाहेर नेऊन घासले.

२३ ऑक्टोबर

सांगितलं. जहाजाचं नाव, पिंपं, ऑक्टोपस, सगळं! बंदर पोलिसानं लिहून घेतलं आणि मान वर न करता म्हणाला, "बार्बा, सकाळपासून हेच सांगणारे तुम्ही नववे. मी कुलूप उघडायच्या आधीच दारात उभा होता, तो तुमचा जावई."