भाऊजींनी जुळवलेले कंस

महाड,
१२ फेब्रुवारी २००४

प्रिय ताई,

नमस्कार. पायांची सूज उतरली का? आईला सांग, मेथीचे लाडू माझ्या घरमालकीण गोदावरीकाकूंनाही आवडले. डबा कोणाबरोबर तरी परत पाठवते. इकडे ऊन वाढलंय. संध्याकाळी एमआयडीसीकडून वारा सुटला की भाऊजींच्या क्लासच्या खिडक्या लावून घेतो, तरी तो रसायनांचा वास पडद्यात बसतोच.

रविवारी पोलादपूरला आले ती खरं तर तुझ्याशी बोलायला. पण तू उशीवर पाय ठेवून बसली होतीस, आई दुपटी शिवत होती. मी लाडू खाल्ले आणि परत आले. फोन करावा तर तो बाबांच्या खुर्चीशेजारी. म्हणून लिहितेय.

तू मागे हसून विचारलं होतंस, तुझ्या स्क्रीनवर एवढे कंस कशाला गं? तेच आधी सांगते. क्लासच्या मुलांना आपली फाइल कुठे ठेवली ते कधी आठवत नाही. नावं तरी कसली, ‘न्यू’, ‘न्यू वन’, ‘एबीसी’. मुख्य मशीनवर प्रत्येकाचं वेगळं फोल्डर आहे, तरी परीक्षेआधी रडारड ठरलेली. लिनक्समध्ये फाइल शोधायची एक आज्ञा असते, पण ती लांबलचक, उलट्या तिरप्या रेघांनी भरलेली. एक रेघ गळली की भलतंच शोधून आणते. म्हणून मी ईमॅक्समध्ये, म्हणजे मी ज्यात सगळं टाइप करते त्या एडिटरमध्ये, लिस्प भाषेत एक सोय केली. आपण फक्त कंस मांडायचे. एका कंसात मुलाचं नाव, दुसऱ्यात ‘या आठवड्यात बदललेली’, तिसऱ्यात ‘अमुक शब्द असलेली’, आणि सगळ्यांना बाहेरून एक ‘आणि’चा कंस. लांबलचक आज्ञा एडिटर स्वतःच तयार करतो. मुलांना मोठी गंमत वाटायची. “मॅडम, माझी शोधा, माझी शोधा,” चाललेलं असायचं.

गेल्या महिन्यात एका सकाळी मी एडिटर उघडला तर कोणीतरी आपले कंस तसेच ठेवून गेलं होतं. मला आधी वाटलं, माझेच असतील. मग वाचले. फक्त मुलींची फोल्डर्स. मुलांची वगळलेली. आणि शब्द: प्रेम, जीव, लग्न, भेट. इंग्रजी अक्षरांत, मुली लिहितात तसे. प्रत्येक शब्दाची दोन-दोन स्पेलिंगं, म्हणजे एकही सुटू नये.

ताई, कंस अगदी बरोबर जुळलेले होते. मला त्यात एक चूक काढता आली नाही. त्याचीच सगळ्यात जास्त किळस आली. चिडून, घाईत केलेलं नव्हतं ते. चहा घेत, सावकाश, नीट बसवलेलं होतं. मी कीबोर्ड स्पिरिटनं पुसला आणि तरी दिवसभर हात धूत राहिले.

महाडात हे कंस मांडता येणारी माणसं दोनच. एक मी.

तुला सारिका आठवते? दिवाळीत तुझ्या घरी फराळाला आलेली, वरंधच्या पुढच्या वाडीतली, आत्याकडे राहून शिकणारी. टायपिंगचा सराव म्हणून ती सुनीलला पत्रं लिहायची. सुनील तिच्याच वाडीतला, मुंबईला गॅरेजमध्ये असतो. पाठवायची कधीच नाही. लिहायची आणि ठेवून द्यायची, एवढं तिनंच मला सांगितलं होतं. एकदा तिनं लिहिलं, तुझ्या शर्टाचा ग्रीसचा वास मला आवडतो. हे मला कसं माहीत? मी तिची फाइल उघडलेली नाही. एसटी स्टँडवर मी तिच्या मागेच उभी होते, तेव्हा क्लासच्या खालचा झेरॉक्सवाला चंदू पानाची पिंक टाकून तिला म्हणाला, “काय गो, ग्रीसचा वास आवडतो व्हय? आमच्या मशीनला पण असतो, येतेस काय?” बरोबरचे दोघे खिदळले. सारिकानं वळून पाहिलं. चंदूकडे नाही, माझ्याकडे. फाइली शोधणारी मॅडम म्हणजे मीच ना!

दुसऱ्या दिवसापासून ती क्लासला आली नाही, वाडीवर निघून गेली.

चंदू रोज दुपारी पार्टिशनच्या मागे कोणाबरोबर चहा पितो, ते मी तुला सांगायला नको. तिथून हसण्याचे आवाज यायचे. मला वाटायचं क्रिकेट चाललंय.

मी वाडीवर गेले. चढ चढून दम लागला होता. तिची आई तुळसाबाई दारातच उभी राहिली. “मॅडम, अजून काय वाचायचं राह्यलंय?” म्हणाली. “पोर जेवत नाय. बापानं हात उगारलान तिच्यावर. तुमी शिकलेल्या बाया, आमाला वाटलं पोरगी चांगल्या ठिकानी हाय.” आतून सारिकाच्या बांगड्या वाजल्या, ती बाहेर आली नाही. मी सांगू शकले असते कोणी वाचलं ते. नाव माझ्या ओठांपर्यंत आलं आणि मला तुझे सुजलेले पाय दिसले. मी पाणीसुद्धा न पिता उतरले.

काल सारिकाचे वडील गोमाजी आणि आणखी दोन मुलींचे पालक क्लासवर आले. भाऊजींनी त्यांना खुर्च्या दिल्या, हात जोडले, आणि माझ्यासमोर म्हणाले, “आमच्या मॅडमच्या प्रोग्राममधून फायली चुकून उघड्या पडल्या. नवीन आहे ती. येत्या रविवारी नाही, त्याच्या पुढच्या रविवारी सगळ्यांना बोलावतो, ती स्वतः माफी मागेल.”

ते गेल्यावर मी विचारलं, “भाऊजी, हे काय?”

“अगं, गंमत होती,” ते म्हणाले. “चंदू बोलून बसला, त्याला मी झापलंय. तू म्हणालीस चुकून झालं, तर लोक सोडून देतील. मी म्हणालो तर क्लास बंद. देवश्रीची अवस्था बघ ना.” आणि बशीतलं बिस्किट माझ्याकडे सरकवलं. ताई, त्यांचे डोळे अगदी नेहमीसारखे होते. मी बिस्किट तसंच ठेवलं.

ते तुला फोनवर सांगतीलच. त्याआधी माझ्याकडून ऐकावंस म्हणून लिहिलं. मी माफी मागणार नाही. तू एकदा त्यांच्याशी बोल. त्यांनी स्वतः कबूल करावं, एवढंच. तुझं ते ऐकतील.

जिवाला जप.

तुझी,
छोटी

*

पोलादपूर,
१६ फेब्रुवारी

चि. श्रियास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. शनिवारी हे आले होते, त्यांना वाचायला दिलं. आमच्यात लपवाछपवी नाही. त्यांना फार वाईट वाटलं. म्हणाले, एवढं मनात ठेवलंन तर आधी मलाच बोलायचं होतं.

पुरुष माणसं चार जण जमली की हसतात, बोलतात. त्याचा असा तमाशा करायचा नसतो. आणि मुलींनी तरी क्लासच्या मशीनवर असलं लिहावं कशाला? तू एकदा चुकून झालं म्हण आणि विषय संपव. तुझा काय तोटा आहे? उद्या तू पुण्याला नोकरी करशील. मला महाडातच राहायचंय, याच माणसाबरोबर, आणि बाळाला त्याचंच नाव लागणार आहे. डॉक्टरांनी त्रास करून घेऊ नका म्हणून सांगितलंय.

आई-बाबांना काही कळवू नकोस. रविवारी नीट वाग.

तुझी,
ताई

*

महाड,
२५ फेब्रुवारी

सौ. देवश्रीताईस,

तुझं पत्र मी उभ्यानंच वाचलं. ‘त्यांना वाचायला दिलं’ इथं येऊन थांबले. पुढचं दुसऱ्या दिवशी वाचलं. मी तुला लिहिलेलं पत्र तू त्यांच्या हातात दिलंस आणि ते वाचताना समोर बसलीस. मग त्यांनी बशीतलं काय खाल्लं असेल, एवढंच माझ्या डोक्यात येत राहिलं.

रविवारी काय झालं ते तुला एका बाजूनं कळलंच असेल. दुसरी ही.

आदल्या दिवशी मी पुन्हा वाडीवर गेले. तुळसाबाईंना दारातच सांगितलं, वाचलं ते माझ्या भाऊजींनी. त्या बाजूला सरकल्या, मी आत गेले. सारिका चुलीजवळ होती. लाकूड आत सारून म्हणाली, “मॅडम, माझं लिहिलेलं पुसलात का?”

“पुसलं.”

“आणि त्यांच्या डोक्यातलं?”

मी तिच्याशेजारी बसून राहिले. तिनं मला चहा दिला, तो मी या वेळी प्यायले.

क्लासमध्ये सगळे जमल्यावर भाऊजींनी माझी ओळख करून दिली, हसत. मी उठले आणि एडिटर उघडला. एकाही मुलीची एकही ओळ दाखवली नाही. फक्त ते कंस दाखवले आणि प्रत्येक कंसाचा अर्थ साध्या मराठीत सांगितला. हा मुलांना वगळतो. हा ‘प्रेम’ शोधतो. हा ‘लग्न’. म्हटलं, असं चुकून होत नाही, हे बसून बांधावं लागतं, आणि हे मी बांधलेलं नाही. बांधणारे तुमच्यासमोर उभे आहेत.

भाऊजी म्हणाले, “घरचा वाद आहे हो, मेहुणीचा राग आहे.” कोणी हसलं नाही. गोमाजी उठले. मला वाटलं, मारतात की काय. ते त्यांच्यापुढे जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, “माज्या पोरीवर मी हात उगारला, तुमच्यापायी.” बस एवढंच. मग चपला शोधायला लागले आणि त्यांना त्या सापडेनात, समोर असूनही.

मुली आता क्लासला येत नाहीत. मीही नाही. बिरवाडीला एका शाळेत संगणक शिकवायला तोंडी हो झालंय. तिथं प्रत्येकाच्या फोल्डरला आधी कुलूप, मग धडा. सारिका येईल की नाही, माहीत नाही. गोमाजी ‘बघू’ म्हणालेत. चंदूनं दुकानाचं शटर दोन दिवस खाली ठेवलं, आज उघडलं. गिऱ्हाइकं आहेत.

आई-बाबांना मी सांगितलेलं नाही. ते तुझ्याकडेच ठेवते.

तू विचारलंस, माझा काय तोटा आहे. ताई, मला कोणी काही विचारलं की मी आजवर मनात म्हणायचे, ताईला सांगेन. परवा गोदावरीकाकूंनी विचारलं, “काय गं, गप्प गप्प?” आणि माझ्या लक्षात आलं की मनात कोणीच नाही.

बारशाला येईन. बाळाला मांडीवर घेईन, तुझ्यापाशी बसेन. भाऊजींच्या हातचं पान-सुपारी घेणार नाही, आणि सगळ्यांसमोर कोणी कारण विचारलं तर सांगेन.

हेही पत्र त्यांना वाचायला दे. यात त्यांच्यापासून लपवावं असं मी काही ठेवलेलं नाही, आणि फक्त तुझ्यासाठी म्हणावं असंही नाही.

श्रिया