लाल गाडी शॅरनच्या नावावर करू नये

मी, इसहाक जोसेफ भिंगारदिवे, वय ६८, धर्म ख्रिस्ती, शासकीय आयटीआयमधला मोटार मेकॅनिकचा निवृत्त निदेशक, राहणार सावेडी, अहिल्यानगर, आज हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, चष्मा लावून, शुद्धीवर असताना लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दाब नाही. मी दारू पीत नाही. डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे, कारण कलम सहा वाचल्यावर माझा धाकटा भाऊ नोहा नक्की म्हणणार की म्हाताऱ्याचे डोके फिरले होते. डोके शाबूत आहे. त्याचाच त्रास आहे.

१. यापूर्वी २०१८ साली मी एक मृत्युपत्र केले होते. त्यात लाल गाडी माझा मित्र भीमराज रखमाजी साळवे याला लिहिली होती. भीमराज माझ्या आधी गेला. ते मृत्युपत्र रद्द समजावे.

२. सावेडीतले राहते घर, वरच्या पत्र्याच्या खोलीसह, माझी मुलगी शॅरन हिला. ती पुण्यात असते. घर विकायचे तर खुशाल विकावे, मी वर बसून बघणार नाही. फक्त मोरीचा नळ उलटा फिरतो हे घेणाऱ्याला आधी सांगावे. तो मीच बसवला होता आणि चूक कबूल करायला वीस वर्षे लावली. बँकेत जे असेल तेही शॅरनचे. आकडे पासबुकात आहेत.

३. माझी सगळी हत्यारे, पान्यांचे दोन्ही सेट आणि टॉर्क रेंच, माझा जुना विद्यार्थी करण याला. नेवाशाजवळ त्याचे गॅरेज आहे. वर्गात तो सगळ्यात ढ होता, पण पाना वापरून झाला की पुसून जागेवर ठेवायचा. असा दुसरा मला एकतीस वर्षांत भेटला नाही.

४. माझी पत्नी रोझी हिचे बायबल माझ्यासोबत पेटीत ठेवावे. दफन तिच्या शेजारी. शववाहिका चाळीसच्या वर जाऊ नये. ड्रायव्हर घाई करू लागला तर शॅरनने पुढे बसून त्याला दटावावे, तिला ते जमते.

५. भाऊ नोहा याला जॅक. तो त्याने २०११ साली उसना नेला आहे, म्हणजे आता द्यायचा प्रश्नच नाही. बाकी काही नाही. का नाही, ते पुढे येईलच.

६. लाल गाडी.

२००६ साली श्रीगोंद्याकडच्या एका साखर कारखान्याच्या आवारात दोन गाड्या गंजत पडल्या होत्या. दोन सीटच्या, छत उघडणाऱ्या, इतक्या बुटक्या की शेजारून बैलगाडी गेली तर मान वर करून बघावे लागे. कोणा बड्या घरच्या पोरांनी हौसेने आणल्या आणि हौस फिटल्यावर टाकून दिल्या. भीमराज तिथे वर्कशॉपला फोरमन होता. मला म्हणाला, "मास्तर, भंगारात चालल्यात, बघवंना. येक तुमी घ्या, येक मी घेतो." लाल मी घेतली, पिवळी त्याने. रविवारी चर्च सुटले की मी डबा घेऊन त्याच्याकडे जायचो. तीन वर्षे आम्ही दोघे त्या गाड्यांच्या खाली आडवे होतो. गीतावहिनी, म्हणजे त्याची बायको, म्हणायची, "ह्या दोघांची तोंडं मी ईसरले, नुसते पाय वळखते."

गाड्या रस्त्यावर आल्या तेव्हा आम्ही संघटना काढली. अहमदनगर जिल्हा स्पोर्ट्स कार मालक मंडळ. सभासद दोन. अध्यक्ष मी, कारण माझे अक्षर चांगले. नियम मी वहीत लिहिले आणि भीमराजकडून सही घेतली. समोरून आपली गाडी आली की एकदा डिपर मारावा आणि हात काचेच्या वर दिसेल असा उचलावा. समोरच्याने हात उचलेपर्यंत आपला खाली घेऊ नये. पुढे स्पीडगनची गाडी उभी असेल तर डिपर दोनदा मारावा. भीमराज हसला. "हात खाली न्हाई घ्यायचा म्हंजे? तुमी झोपला आसला तर मी काय श्रीगोंद्यापत्तुर हात वर करून जाऊ?" मी म्हणालो, नियम म्हणजे नियम. बारा वर्षे आम्ही तो पाळला. लोक आम्हाला येडे म्हणत आणि आम्हाला ते आवडत असे.

डिसेंबर २०२०. श्रीगोंदा रस्त्यावर भीमराज समोरून आला. डिपर एकच मारला, हात केला, मी हात केला. पुढच्या उतारावर स्पीडगनची गाडी उभी होती. आयुष्यातला पहिला दंड. फोटोत माझा हात अजून अर्धा वर होता. चलानाचा तो मेसेज नोहाने नाताळच्या जेवणात चर्चच्या आवारात माझ्या मोबाईलवरून मोठ्याने वाचला. वर विचारले, "मास्तर, विमान चालवता का?" सगळे हसले, पाळकसाहेबसुद्धा. मी ताट तसेच ठेवून घरी आलो. भीमराज दुसऱ्या दिवशी आला होता. दारातच म्हणाला, "शप्पथ हाय मास्तर, मी गेल्तो तवा गाडी न्हवती हुबी. आसती तर मारला नसता का दुसरा डिपर?" मी दार लावून घेतले. तो खरे बोलत होता हे मला तेव्हाही कळत होते. राग आला की मला कळलेले उपयोगी पडत नाही.

११ फेब्रुवारी २०२१, गुरुवार, दुपारी साडेतीनचा सुमार. मी श्रीगोंद्याहून नगरला येत होतो. अ‍ॅक्सल तुटून एक उसाची ट्रॉली रस्त्यातच बसली होती. मागे ना दगड ठेवलेले, ना फांदी लावलेली. मी बाजूने काढली. तिच्या पुढे नगरच्या बाजूला, वळणावर, स्पीडगनची गाडी. वळण संपले आणि समोरून पिवळी गाडी आली. जोरात होती. दीड महिना मी त्याच्याशी शब्द बोललो नव्हतो, तरी त्याने डिपर मारला आणि हात वर केला. मी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. डिपर मारला नाही. हात केला नाही. मनात म्हणालो, भर आता तूही दंड.

मी फक्त स्पीडगनच्या गाडीचा विचार केला. ट्रॉली मी पाहिली होती. ही दोन्ही वाक्ये खरी आहेत आणि दोन्ही इथे राहू द्यावीत.

भीमराज ट्रॉलीखाली गेला. बारा दिवसांनी त्याचे चलान गीतावहिनीकडे असलेल्या त्याच्या मोबाईलवर आले. वेग ११८. फोटो मी पाहिला, तिनेच दाखवला. वळणावरचा फोटो, आणि त्याचा हात अजून वर होता. मान थोडी मागे वळलेली. माझी वाट बघत होता तो. गीतावहिनीला हे कुठे माहीत? ती म्हणाली, "येका हातानं चालवीत हुता बघा. मस्ती, दुसरं काय न्हाई. पोरीचा इचार केला न्हाई." तिने भिंतीवरची त्याची तसबीर उतरवली. एकवीस वर्षांचा संसार केलेली बाई नवऱ्याचे नाव काढीना झाली. मी समोर खुर्चीत बसलो होतो, चहाचा कप हातात. चहा संपवला आणि घरी आलो.

त्या दिवसापासून लाल गाडी माझ्या शेडमध्ये आहे. चारही चाके काढून लाकडी ठोकळ्यांवर ठेवली, बॅटरी करणला दिली, शेडला कुलूप आणि चावी माझ्या गळ्यात. गाडी आजपर्यंत जागची हललेली नाही. समोर राहणारे ज्ञानेश्वर खामकर याला साक्षी आहेत.

११ फेब्रुवारी २०२२ रोजी दुपारी तीन चाळीसला मोबाईलवर चलान आले. गाडी माझी, नंबर माझा, ठिकाण तेच वळण, दिशा श्रीगोंद्याकडे. वेग ९२. मी तावातावाने वाहतूक शाखेत गेलो. तिथल्या हवालदाराने फोटो मोठा करून दाखवला. "काका, तुमीच हायेत की ह्ये. शर्टपन त्योच घातलाय." खिशावर शाईचा डाग असलेला शर्ट. तीन चाळीसला तोच शर्ट घालून मी ओट्यावर गवार निवडत होतो. फोटोत माझे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. शेजारची सीट मोकळी होती. मी दंड भरला. फोटोतला माणूस मीच होतो, भांडणार कशावर?

२०२३ ला वेग १०१. शेजारच्या सीटवर, काचेच्या वरच्या कडेला, चार बोटे.

२०२४ ला १०९. मनगटापर्यंत हात. घड्याळाची तबकडी आतल्या बाजूला. भीमराज घड्याळ तसे घालायचा, मशीनवर काच घासू नये म्हणून. त्या रात्री मला ताप भरला.

२०२५ ला ११७. कारखान्याच्या निळ्या शर्टाची अख्खी बाही, खांदा आणि एक कान. चेहरा काचेवरच्या उन्हात गेला आहे. माझे दोन्ही हात प्रत्येक फोटोत स्टिअरिंगवर आहेत. मी ते कितीदा मोठे करून पाहिले आहेत.

यंदाच्या फोटोत चेहरा येणार. त्याच्या आत हे मृत्युपत्र पुरे व्हावे अशी माझी धडपड आहे. ११८ च्या पुढे काय असते ते मला ठाऊक नाही.

वकीलबाई पूजा गाडेकर यांनी विचारले की मग गाडी इतकी वर्षे भंगारात का दिली नाही. दोनदा टेम्पो बोलावला होता. दोन्ही वेळा शेडचे दार उघडले आणि वाटले, ही गेली की तोही जाईल. टेम्पोवाल्याला भाडे देऊन परत पाठवला.

शॅरनला ही गाडी लहानपणापासून हवी आहे. दर फोनला विचारते, "पप्पा, माझ्या नावावर कधी करता?" बाळ, कधीच नाही. चलान मालकाच्या मोबाईलवर येते आणि मालकच फोटोत दिसतो. मी गेल्यावर तू मालक झालीस तर त्या वळणावर चालवताना तू दिसशील. तू त्या माणसाचे काही वाईट केलेले नाहीस. म्हणून माझ्या मृत्यूनंतर आठ दिवसांत गाडीचा नंबर रद्द करून ती कापून काढावी. इंजिनसुद्धा कोणाला देऊ नये.

७. भीमराजची मुलगी यशोधरा जामखेडला शाळेत शिकवते. दर महिन्याला माझ्याकडे येते, शेंगदाण्याची चटणी आणते, गोळ्यांच्या तारखा तपासते. एकदा तिने विचारले होते, "काका, बाबा खरंच मस्ती करत होते का हो?" मी म्हणालो, रस्ता वाईट होता. त्या उत्तराची मला शरम वाटते, चलानांची वाटत नाही इतकी.

तिला रोझीची शिलाई मशीन लिहायची होती. पण मेल्यावर वाचायला एक कागद ठेवून जाणे हा शुद्ध भित्रेपणा झाला, आणि तो मी पाच वर्षे करून चुकलो आहे. म्हणून मी तिला साक्षीदार केले. वकीलबाई म्हणाल्या, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, आणि साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असेही नाही. माझी अट आहे की तिने प्रत्येक ओळ वाचावी आणि मगच सही करावी. मशीन खोडली. यशोधरा आता समोर बसली आहे. हे शेवटचे पान मी तिच्यासमोर लिहितो आहे आणि आधीची तिच्या हातात आहेत. ती कलम सहावर आहे. मी वर बघत नाही.

हे माझे अखेरचे मृत्युपत्र. अंमलबजावणी वकील पूजा गाडेकर यांनी करावी.

ठिकाण: सावेडी, अहिल्यानगर
दिनांक: १९ जानेवारी २०२६

(सही) इसहाक जोसेफ भिंगारदिवे

साक्षीदार क्र. १: ज्ञानेश्वर विठोबा खामकर, राहणार सावेडी. इसहाकमास्तरांनी माझ्यासमोर सही केली. गाडी पाच वर्षे ठोकळ्यांवर आहे हे खरे आहे. (सही)

साक्षीदार क्र. २: यशोधरा भीमराज साळवे, राहणार जामखेड. यांनी माझ्यासमोर सही केली. (सही)

(पुढचा मजकूर साक्षीदार क्र. २ हिच्या हातचा आहे. तो राहू द्यावा. – इ. जो. भिं.)

सगळे वाचले. दोनदा वाचले. काका, माफ केले असे आज माझ्याने लिहवत नाही. आईला आज संध्याकाळीच सांगायचे आहे आणि तुम्ही माझ्यासोबत यायचे आहे. मी एकटी सांगणार नाही.

कलम सहा मला मान्य नाही. गाडी कापायची नाही. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नसेल तर मला मृत्युपत्रातून नकोच. नावावर करायचे फॉर्म उद्या आणते, त्यावर सह्या करा. अकरा फेब्रुवारीच्या आत गाडी माझी झाली पाहिजे.

पाच वर्षे मी बाबांचा तो एक चलानचा फोटो बघते आहे. तुमच्याकडे ते तीनदा येऊन गेले आणि तुम्ही आम्हाला एका शब्दाने कळवले नाही. यंदा चेहरा दिसणार असेल तर तो माझ्या मोबाईलवर यायला हवा. चालवताना मी दिसले तरी चालेल. माझे दोन्ही हात स्टिअरिंगवर नसतील.